फणसाचं कपाट, पांढरा रंग आणि चवथीची तारीख

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक जुनं घर, मधे राजांगण. जेवणाच्या खोलीला बाहेरच्या बाजूने एकच खिडकी आणि तिच्यासमोर माड, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. या खोलीत फणसाच्या लाकडाचं एक उंच कपाट होतं. वरच्या भागाला चौकटीत फळी बसवलेली दारं, खालचा भाग उघडा. घरातल्या सुनेला खोली उजळ करायची होती. कपाट काढून टाकायचं नव्हतं. ते पांढरं करायचं, खाली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) नवी दारं बसवायची आणि जुनं कुठे संपतं, नवं कुठे सुरू होतं हे कळता कामा नये, अशी तिची अपेक्षा. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "फणसाच्या लाकडाला कोण रंग फासतं?" असं त्या येईल त्याला विचारत. शेवटी आतली बाजू लाकडाच्याच रंगात राहील, या अटीवर त्यांनी होकार दिला. माझं मत विचाराल तर मी सासूबाईंच्या बाजूचा. पण त्या अंधाऱ्या खोलीत रोज राबायचं सुनेला होतं.

दारं ओळखीच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, करून दिली. रंगाचं काम तालुक्यातल्याच एका छोट्या वर्कशॉपकडे गेलं. कोटेशनवर 'डुको व्हाइट, दोन हात' एवढीच ओळ होती; डुको म्हणजे स्प्रेने मारायचा गुळगुळीत रंग. कुठला रंग, खाली अस्तर कोणतं, मधे किती सुकू द्यायचं, यातलं काहीही कागदावर नव्हतं. काम सुरू झालं जूनच्या अखेरीस, म्हणजे पाऊस चांगला बसल्यावर. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर माणसांनी भरणार, त्याआधी कपाट जागेवर हवं, ही एकच गोष्ट दोन्ही बाजूंना पक्की ठाऊक होती.

घराची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. फर्निचरचं फिनिशिंग हा माझा व्यवसाय. मला बोलावलं ते पहिली फेरी फसल्यावर.

अडचण

पहिल्या फेरीत पेंटरने जुन्या कपाटावर पॉलिश पेपर फिरवला, भेगांत आणि एमडीएफच्या कडांना लांबी (पुट्टी) भरली, एनसीचं (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) अस्तर मारलं आणि त्यावर एनसीचाच पांढरा रंग स्प्रेने दोन हात. पहिले दोन-तीन दिवस सगळे खूश होते. मग दारांच्या फळ्यांवर पिवळसर डाग उमटू लागले. पेंटरने तिसरा हात मारला. डाग तात्पुरते झाकले गेले आणि आठवडा उलटायच्या आत परत वर आले, या वेळी अधिक पसरट.

शिवाय कपाटाची एक पूर्ण बाजू मेल्यासारखी दिसत होती: रंग पांढराच, पण चमक गेलेली, हाताला किंचित चुन्यासारखी लागणारी. माथ्यावर आणि मुठींच्या आसपास मसुराएवढे गोल खळगे पडले होते. त्यांच्या मधोमध रंग दूर सरकून खालचं अस्तर दिसत होतं. नव्या दारांच्या कडा फुगून खरखरीत झालेल्या. आणि खिडकीच्या बाजूने तिरपं पाहिलं की जुन्या लाकडाच्या छिद्रांच्या बारीक रेघा रंगातून आरपार ओळखू येत होत्या.

"वहिनी, पावसाचं काम असंच. चार दिवस ऊन पडलं की बसेल सगळं," असं पेंटर सांगत होता. ग्राहकाचं म्हणणं होतं की माल हलका वापरला. दोघांनाही एकच कारण हवं होतं.

कारणं शोधताना

पावसाळ्यावर बिल फाडणं सोपं असतं, म्हणून मी आधी डाग कुठे नाहीत ते पाहिलं. एमडीएफच्या दारांवर पिवळेपणाचा मागमूस नव्हता. त्यांच्यावरही तोच डबा, तीच गन, तीच हवा. म्हणजे पिवळं हवेतून येत नव्हतं, रंगाच्या डब्यातूनही नाही. ते लाकडातून येत होतं. कपाटाच्या पाठीमागे रंग न लागलेली फळी होती. तिथे वीतभर जागा घासून कोरं लाकूड मोकळं केलं आणि स्पिरिटमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं दहा-बारा वेळा फिरवलं. फडकं हळदीने माखल्यासारखं झालं. सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, पेंटरला मात्र वाटलं.

फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं याच लाकडाच्या भुशात रंगवत आले आहेत, इतका तो रंग चिवट. एनसीच्या थिनरने तो विरघळून वर येतो. आणि इथे एनसीचा स्वभाव आडवा आला: हा रंग फक्त थिनर उडून सुकतो, त्यात रासायनिक जोड तयार होत नाही, म्हणून वरचा नवा हात खालच्या सुकलेल्या हाताला पुन्हा मऊ करतो. तिसऱ्या हाताने डाग झाकला नव्हता, त्याला वर यायला नवी वाट करून दिली होती.

मेलेली बाजू हा मात्र खरोखर पावसाचा प्रताप. एनसीचं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. जुलैत कोकण किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. पृष्ठभाग थोडा जरी गार पडला तरी ओल्या रंगावर पाण्याचे सूक्ष्म थेंब धरतात आणि रंग मरगळतो. ती बाजू पेंटरने एका मुसळधार संध्याकाळी मारली होती, हे त्याने आपणहून सांगितलं. हळू उडणारं रिटार्डर थिनर मिसळलं असतं तर बहुतेक निभावलं असतं.

खळग्यांचं मूळ तेलात होतं. कपाटाच्या माथ्यावर अनेक वर्षं समई आणि तेलाची बाटली ठेवत होते. मुठींजवळ हाताचं तेल, वर बाजारातलं चकचकीत करणारं पॉलिश. अशा पॉलिशमध्ये बऱ्याचदा सिलिकोन असतं. तेल न पुसता पॉलिश पेपर फिरवला की ते निघत नाही, लाकडात आणखी दाबलं जातं, आणि ओला रंग त्या जागेवरून मागे हटतो.

कडा फुगल्या त्या लांबीमुळे. भिंतीची, पाण्यात कालवायची पुट्टी एमडीएफला लावली होती. एमडीएफची सपाट बाजू घट्ट असते, पण कापलेली कड तंतूंची, पाणी दिसलं की पिणारी. आणि रेघा आरपार दिसल्या त्या फणसाची मोठी छिद्रं अस्तराने भरलीच नव्हती म्हणून.

म्हणजे पाच दोषांमागे पाच कारणं, आणि त्यातलं एकच पावसाचं.

पर्याय

पहिला प्रश्न होता, आहे त्यावरच पुढे जायचं की सगळं उतरवायचं. पेंटरचा कल पुढे जाण्याकडे. 'वरून पीयूचा एक हात मारला की काहीच वर येणार नाही,' हा त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, रंगात हार्डनर मिसळून मारायचा. असा दोन घटकांचा पीयू एकदा पक्का झाला की खालच्याला विरघळू देत नाही. पण पक्का होईपर्यंत त्याचं थिनर जोरकस असतं, जाड बसलेल्या एनसीला ते सुरकुत्या पाडतं. आणि तेलावरचं अस्तर मुळातच सुटं होतं. मुठीजवळ चिकटपट्टी दाबून ओढली तर पापुद्रा निघून आला. तिथे तो विषय संपला.

दुसरा प्रश्न, उतरवल्यावर कुठला रंग. ब्रशने तेलरंग, म्हणजे एनॅमल, हा स्वस्त आणि बिनस्प्रेचा मार्ग होता. पण पावसाळ्यात एका हाताला सुकायला दिवसाहून जास्त वेळ, तोवर धूळ आणि चिलटं, आणि पांढरा तेलरंग अंधाऱ्या खोलीत काळाबरोबर पिवळा पडतो. ज्या कपाटाची तक्रारच पिवळेपणाची, त्याला तो कसा द्यायचा? पुन्हा एनसी नको, हे दोघांनाही पटलं होतं. राहिला पीयू. तो टणक, न पिवळणारा प्रकार मिळणारा. पण महाग, आणि त्याचा हार्डनर हवेतल्या पाण्याशीही जुळतो व बुडबुडे सोडतो, म्हणजे पावसाळ्यातच त्याची खरी परीक्षा.

लाकडातलं पिवळं अडवायला काय वापरायचं, यावर थोडा वाद झाला. चपडा लाखेचा हात मारून डाग बांधायचा ही जुन्या पॉलिशवाल्यांची पद्धत मला आवडते. तिच्यात दोन अडथळे होते: लाखेत नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही, म्हणून द्रावण निवळू देऊन वरचं स्वच्छ तेवढंच घ्यावं लागतं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, तर आमचं पिवळं स्पिरिटलाच बाहेर येत होतं. म्हणून तर्कावर न थांबता मागच्या फळीवर दोन पट्टे केले. एकावर निवळलेली लाख, दुसऱ्यावर दोन घटकांचं पारदर्शक पीयू सीलर, दोन्हींवर पांढरा रंग, आणि चुलीच्या दमट भिंतीपाशी ठेवून दिले.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक: तारीख. पट्ट्यांची वाट पाहायची म्हणजे चवथीपूर्वी काम पुरं होणं कठीण. घरच्यांत दोन तट पडले. सून म्हणत होती, कसंही करून आत्ताच उरका. तिचा नवरा म्हणत होता, दिवाळीनंतर बघू, तोवर चादर टाकून ठेवू. चवथीला चादर टाकलेलं कपाट ही कल्पना कोणालाच सहन होईना.

मग मधला मार्ग सुचला तो पेंटरच्या मोठ्या भावाला. नवी दारं पूर्ण करून द्यायची. जुनं कपाट सील करून, पांढरं पीयू प्रायमर मारून, गुळगुळीत घासून चवथीला घरी न्यायचं, आणि शेवटचे हात ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. प्रायमर दिसायला पांढरा आणि मंदच असतो, पाहुण्यांना फरक कळणार नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. तारीखही राखली गेली आणि रंगालाही वेळ मिळाला.

खर्चाची वाटणी अशी झाली: जादा साहित्य ग्राहकाचं, उतरवण्याची मजुरी वर्कशॉपची. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

काय केलं

हीट गन वापरायची नाही, हे आधी बजावलं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, झटकन पेट घेणारं. थिनरचे बोळे ठेवून रंग मऊ केला आणि स्क्रेपरने खरवडला. उग्र वास आणि चिकट पापुद्रे, दोन माणसांचं कंटाळवाणं काम. त्यानंतर टर्पेंटाइनने पूर्ण कपाट पुसलं, दर वेळी नवं फडकं घेऊन, फडक्यावर तेलकट ओघळ दिसायचा थांबेपर्यंत. पॉलिश पेपर त्यानंतरच हातात घेतला: १२०, मग १८०, मग २२०.

लाकडातलं पाणी मोजायला साधा मॉइश्चर मीटर आणला. फळ्यांत १७ टक्के दाखवत होता. वर्कशॉपमागची एक खोली बंद करून भाड्याच्या डिह्युमिडिफायरने कोरडी केली आणि कपाट तिथे ठेवलं. आठवड्याहून थोडं जास्त लागलं आणि वरच्या थरातला आकडा १३ वर आला. स्प्रे मात्र त्या खोलीत कधीच केला नाही. चालू विजेचं यंत्र आणि थिनरची वाफ एका बंद खोलीत आणणं म्हणजे आगीला आमंत्रण. स्प्रे बाहेरच्या शेडमध्ये, मागे एक्झॉस्ट लावून, पाऊस थांबलेल्या वेळी. लगेच कपाट आत. भिंतीवर तापमान-आर्द्रतेचा काटा टांगला आणि नियम केला: लाकडाचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी उबदार असल्याशिवाय गन उचलायची नाही. या नियमापायी दोन सकाळी वाया गेल्या, पेंटर वैतागला, पण त्याने नियम मोडला नाही.

कॉम्प्रेसरची टाकी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यातून वाटीभर गढूळ पाणी निघालं. ती कधी रिकामी केली होती हे कोणाला आठवेना. रोज काम सुरू करण्याआधी टाकी रिकामी करायची आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावायचा, एवढ्यानेच बुडबुड्यांची अर्धी भीती गेली. रंग आणि हार्डनर आजवर अंदाजाने मिसळत होते. 'पावसात हार्डनर थोडा जास्तच टाकायचा' अशी त्यांची समजूत. प्रमाण चुकलं तर पीयू एकतर मऊ राहतो नाहीतर ठिसूळ होतो, सुकायची घाई त्याने होत नाही. डिजिटल वजनकाटा आणला आणि डब्यावर लिहिलेलं प्रमाण ग्रॅममध्ये तोलायला सुरुवात झाली.

पट्ट्यांचा निकालही आला. लाखेच्या पट्ट्यात एका कडेला फिकट पिवळी झाक होती. पीयू सीलरचा पट्टा पांढराशुभ्र. सीलर ठरलं.

सीलरचे दोन हात झाल्यावर प्रायमर. फणसाची छिद्रं मोठी, एका हातात ती भरत नाहीत, आणि गुळगुळीतपणाचं सगळं काम इथेच होतं. वरचा रंग फक्त रंग देतो. प्रायमरचा जाड हात, २४० ने घासणी, पुन्हा हात. दुसऱ्या हातानंतर पेंटरला एक युक्ती दाखवली: थिनरमध्ये अगदी पातळ केलेल्या काळ्या रंगाचा नुसता फवारा सगळ्यावर उडवायचा आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या ३२० च्या पेपरने घासायचं. उंच जागेवरचं काळं आधी निघतं, खोलगटातलं तसंच राहतं. दाराच्या फळीवर काळ्या ठिपक्यांची नक्षी उरली, म्हणजे छिद्रं अजून भरलेली नव्हती. हाताला तो भाग गुळगुळीत लागत होता. हात फसतो, काळा रंग फसत नाही. तिसरा हात मारल्यावर ठिपके गेले. एमडीएफच्या कडा खरवडून, पातळ केलेलं सीलर दोनदा पाजून, घासून मगच प्रायमरखाली घेतल्या.

तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणं मी थांबवलं. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. धुळीचा कागदी मास्क इथे निरुपयोगी. वाफेची काडतुसं असलेला मास्क आणि हातमोजे आणवले. शेडमध्ये एक पोरगा मदतीला असायचा, त्यालाही.

ऑक्टोबरात कपाट परत वर्कशॉपमध्ये आलं. प्रायमर ४०० ने हलकं घासून घेतलं, कारण इतक्या दिवसांनी पक्क्या झालेल्या पीयूवर नवा हात नुसता चिकटत नाही, त्याला ओरखड्यांची पकड लागते. वरचा रंग झळाळीचा न घेता मंद चमकेचा घेतला. झळाळी प्रत्येक उंचवटा दाखवते. १.४ मिलिमीटरचा नोझल, गन पृष्ठभागापासून वीतभर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवून, पातळ दोन हात. पहिल्या चाचणी फळीवर संत्र्याच्या सालीसारखा पोत आला; रंग जाड होता. फोर्ड कपमधून (रंगाचा पातळपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या पेल्यातून) २० सेकंदांच्या आसपास गळेल इतका तो पातळ केल्यावर पोत बसला.

निष्पत्ती

चवथीला कपाट प्रायमरवर घरी होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुण्यांतल्या एकीने तर हाच रंग आपल्या घरी हवा म्हणून पेंटरचा नंबर घेतला.

प्रायमरवर काढलेल्या त्या आठवड्यांचा एक फायदा आधी कोणी धरला नव्हता. कपाटाच्या पायाजवळ रुपयाएवढा पिवळा डाग उमटला. तिथे घासताना सीलर कोपऱ्यावरून पूर्ण निघून कोरं लाकूड उघडं पडलं होतं. तेवढी जागा पुन्हा सील करून मग वरचे हात झाले. शेवटचा रंग आधीच लागला असता तर हा डाग त्याच्यावर आला असता. त्यानंतर पिवळं कुठे दिसलेलं नाही.

जुन्या दारांना आणि नव्या दारांना एकाच उजेडात तिरपी टॉर्च मारून पाहिलं तर नवी दारं किंचित जास्त सपाट आहेत. ग्राहकाने ते मान्य केलं. जुनी फळी हाताने रंधलेली आहे, ती काचेसारखी सपाट करायची तर लाकूडच छिलावं लागलं असतं. सासूबाईंनी आतली बाजू तपासली, तिथे पांढरा ठिपकाही उडालेला नाही याची खात्री केली, बाहेरच्या बाजूबद्दल आजवर बोललेल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

स्पिरिटच्या फडक्याची चाचणी पहिल्या दिवशी झाली असती तर निम्मं प्रकरण उद्भवलंच नसतं. फणस, सागवान, शिसम यांच्यावर पांढरा रंग मारायचा असेल तर ती पाच मिनिटं कुठल्याही कोटेशनआधी काढावीत. कोटेशनवर 'डुको' हा शब्द पुरत नाही; एनसी की पीयू, अस्तराचे हात किती, चमक कोणती, हे लिहावं आणि हातभर नमुना फळी करून ग्राहकाकडे ठेवावी. नमुना असता तर 'गुळगुळीत' म्हणजे किती, हा वाद जुलैत झालाच नसता.

ऋतूचं म्हणाल तर मी हे काम डिसेंबर-जानेवारीतच घेतलं असतं. पण गोव्यात घरं चवथीसाठीच नटवली जातात, आणि त्या आधीचे तीन महिने पावसाचे असतात. वर्कशॉपने पावसाळ्यात काम नाकारावं हा सल्ला व्यवहारात चालणार नाही. मधला टप्पा प्रायमरवर सोडण्याची पद्धत चालेल. मात्र डिह्युमिडिफायरचं भाडं आणि कोरड्या खोलीचे दिवस ग्राहकाला आधीच हिशोबात दाखवावे लागतील, नाहीतर ते वर्कशॉपच्या अंगावर येतात.

एक दोष राहिला आहे. दारांच्या फळ्या चौकटीच्या खाचेत सुट्या बसवलेल्या आहेत, त्या ऋतूप्रमाणे फुगतात आणि आक्रसतात. मॉइश्चर मीटरवरचा १३ हा आकडा पावसाळ्यापुरता ठीक होता. फेब्रुवारीत लाकूड आणखी सुकलं, फळ्या आत सरकल्या आणि दोन दारांत चौकटीलगत केसाएवढी रेघ उघडी पडली, आत लाकडाचा रंग दिसणारी. रंगापूर्वी फळ्या सोडवून त्यांच्या कडाही पांढऱ्या केल्या असत्या तर आक्रसल्यावरही पांढरंच दिसलं असतं. पेंटर ती रेघ भरून द्यायला तयार होता. आम्ही थांबवलं: उन्हाळ्यात भरलेली लांबी पावसात फळी फुगली की बाहेर ढकलली जाते आणि तेव्हा रंगाचा पापुद्राही घेऊन जाते. पुढे कधी दारं उतरवली तर कडा रंगवून घ्यायच्या, तोवर रेघ तशीच ठेवायची, असं ठरलं आहे.